पट्टीची उजवी कडा

सुताराने खोटं बोलू नये. नीती वगैरे राहू द्या बाजूला, त्याला ते जमतच नाही म्हणून बोलू नये. तोंड काय वाट्टेल ते बरळतं, पण हातांना मापाने काम करायची सवय लागलेली असते. ते खरं तेच करून ठेवतात आणि मग ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहतं. माझं खरं घराच्या मागच्या बागेत उभं आहे. सव्वीस लाकडी खांब, त्यांवर वीतभर रुंद फळी आणि फळीवर खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ. लिंबाच्या झाडाला वळसा घालून गाडी परत घराशी येते.

खोटं मी अकरा महिने बोललो.

बारकी माझी एकुलती एक मुलगी. वय एकतीस. नुसतं नाव बारकी, उंचीला माझ्यापेक्षा चार बोटं जास्तच. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. तिची आई लवकर गेली. शाळा सुटली की पोर माझ्या कारखान्यात येऊन लाकडाच्या भुशात बसायची. मोठी झाल्यावर ‘दुसरं काहीतरी शीक’ म्हणून मी कानीकपाळी ओरडलो, तरी तिने रंधाच हातात धरला. माझ्यापेक्षा चांगली सुतार झाली. हे मी तिला कधी सांगितलं नाही. डोक्यावर बसली असती.

एका गिऱ्हाइकाकडे आम्ही उंचावरच्या कपाटांना दारं बसवत होतो. ती शिडीवर, मी खाली शिडी धरून. स्क्रू संपले. “मी आणतो, तू हलू नकोस,” असं म्हणून मी शिडी सोडली आणि खाली टेम्पोकडे गेलो. ती हलली नसणारच, बापाचं ऐकणारी पोर आहे. पण फरशी नवी होती, गुळगुळीत. मी स्क्रूचा डबा घेऊन वर आलो तेव्हा शिडी आडवी होती.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. “मणक्याला जे व्हायचं ते झालंय. कंबरेखालचं आता काही परत येणार नाही. तिला तुम्ही सांगाल की मी सांगू?”

“मी सांगतो,” मी म्हणालो. “मी बाप आहे तिचा.”

आणि आत जाऊन तिचा हात धरून म्हणालो, “वेळ लागेल म्हणतायत. वर्षभर धरून चाल.”

तिने ते वर्ष असं काही घट्ट धरलं की मला ते सोडवता येईना. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना मी हात जोडून सांगितलं की तुम्ही काही बोलू नका. त्या नाराज झाल्या, पण बोलल्या नाहीत. रोज सकाळी सातला मी बारकीचा पाय हातात घ्यायचो. वाकवायचा, सरळ करायचा, वीस वेळा. मग दुसरा. पाय आखडू नयेत म्हणून करायचं होतं ते. मी तिला सांगितलं होतं, ताकद यावी म्हणून.

आकडे मी मोजायचो आणि रोज मुद्दाम एक खायचो. दहा, अकरा, तेरा.

“बारा कुठे गेले? चोर!”

“बाराला आज सुट्टी आहे.”

“मुकाट्याने बारापासून मोजा. माझ्या पायाचा हिशोब आहे तो.”

मग मी बारापासून मोजायचो. घरात दिवसभरात तेवढंच काय ते हसणं व्हायचं.

बाकी तिने खोली धरली होती. “बाहेर येईन ती चालतच येईन,” असं एकदा म्हणाली आणि त्यावर अडून बसली. चाकांच्या खुर्चीत बसायची ती न्हाणीघरापर्यंत जाण्यापुरती. मैत्रिणी आल्या तर झोपलेय म्हणून सांगायला लावायची. मागच्या बागेकडे उघडणारी खिडकी होती, तिचा पडदासुद्धा सरकवू द्यायची नाही. माणूस डोळ्यांदेखत आक्रसत जातो म्हणजे काय, ते मी रोज बघत होतो. हिला एकदा, नुसतं एकदा त्या खोलीतून बाहेर काढायचं, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

“सांगून टाक तिला,” अक्का म्हणायची. दोन गल्ल्या सोडून राहते, रोज डबा घेऊन येते आणि डब्याबरोबर चार शब्द सुनावून जाते. “तू हिला फसवतोयस असं तुला वाटतं. अरे, तू स्वतःला फसवतोयस.”

“सांगतो, सांगतो.”

“कधी? मी मेल्यावर?”

माळ्यावर एक खोकं होतं. त्यात बारकीची लहानपणची आगगाडी होती, इंजिन, पाच डबे आणि पोतंभर रूळ. रविवारी आम्ही दोघं पलंगाखालून, कपाटामागून रूळ टाकायचो आणि पोटावर पडून गाडी बघायचो. आता तिला जमिनीवर पडणं शक्य नव्हतं. मग गाडीच वर आणली तर? बागेत, खांबांवर, तिला हात पोचेल अशी? हे सुचलं त्या दिवशी मी दहा महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

आमच्या कारखान्यात एक पद्धत आहे. दर कामाची एक लाकडी पट्टी करायची, माणसाएवढी उंच. तिचं टोक जमिनीला टेकवायचं आणि ज्याच्यासाठी वस्तू करायची त्याची मापं पेन्सिलीने खुणा करून घ्यायची. गुडघा, कोपर, डोळा. बसलेल्या माणसाच्या खुणा डाव्या कडेला, उभ्याच्या उजव्या. मग काम संपेपर्यंत टेपला हात लावायचा नाही, जे विचारायचं ते पट्टीला. गिऱ्हाईक कितीही म्हातारं असो, दोन्ही कडा भरायच्या. ‘माणूस काही जन्मभर बसून राहत नाही,’ हे बारकीला मीच शिकवलं होतं, ती बारा वर्षांची असताना.

तर मी पट्टी केली. बारकी दुपारी झोपली की मी तिची खुर्ची मोजायचो. गुडघे फळीखाली गेले पाहिजेत, कोपर फळीवर टेकलं पाहिजे. फळीची उंची निघाली अठ्ठावीस इंच. खड्डे खणले, खांब उभे केले, ओळंबा लावून सरळ केले आणि सिमेंट ओतलं. काम करायचं तर नीट करायचं. वारा येतो, पाऊस येतो, उगीच डुगडुगायला नको.

“साठी उलटल्यावर खेळायला लागलास का?” अक्का म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून डब्यात माझ्यासाठी एक जास्तीची भाकरी यायला लागली.

सहाव्या दिवशी खिडकीतून आवाज आला. “बाबा, ते वळण आवळलंय. डबे उलटतील.”

मी वर बघितलं. पडदा बाजूला झाला होता. वळण खरंच आवळलेलं होतं. मी उगाच वाद घातला, कारण ती बोलत होती आणि मला ते थांबायला नको होतं. “चाळीस वर्षं सुतारकाम केलंय मी.”

“रेल्वेत नाही केलं. लिंबाच्या पलीकडून घ्या.”

दोन खांब उपटून पलीकडे घेतले. सिमेंट फोडताना हाताला फोड आले, त्याचं मला काही वाटलं नाही. मग ती रोज खिडकीत यायला लागली. कागदावर नकाशा काढून दिला. हौदावरून छोटा पूल हवा म्हणाली, डबे उभे करायला एक बाजूची लाईन हवी म्हणाली. मुकादमासारखी बोट दाखवायची आणि मी मान डोलवायचो. पंधराव्या दिवशी म्हणाली, “मागच्या दाराला उतरण करा, बाबा. बघायला येते मी.”

“चालत येणार होतीस ना?” असं माझ्या तोंडातून चुकून निघून गेलं.

“तेव्हा तर येईनच. तोपर्यंत तुमच्या कामावर कोणीतरी लक्ष ठेवायला नको?”

मी लिंबामागे जाऊन रडलो. आनंदाने रडलो, हे सांगायला मला आज लाज वाटते.

उतरण मी तीन दिवस केली. तिला कोणाच्या आधाराशिवाय खाली येता यावं आणि वर जाता यावं, असा चढ काढला. मग एका दुपारी ती आली. केस विंचरले होते, कारखान्यात घालायचा तो निळा शर्ट घातला होता. खुर्ची सरळ फळीखाली नेली. गुडघे आत गेले. दोन्ही कोपरं फळीवर टेकली.

“वा! बरोब्बर,” ती म्हणाली. गिऱ्हाईक म्हणतं तसं नाही, सुतार सुताराला म्हणतो तसं.

तिने बटण दाबलं. इंजिन जरा कण्हलं आणि निघालं. पुलावरून, लिंबामागून, परत. बारकी हसली. दात दिसेपर्यंत हसली. दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला सतराव्या खांबापाशी गाडी अडखळली.

“तिथे फळी खाली बसलीये. पट्टी द्या जरा.”

मी दिली. शेडमध्ये जाऊन आणली आणि माझ्या हाताने तिच्या हातात दिली. वाटेत मोडून टाकता आली असती, हरवली म्हणता आलं असतं. माझ्या मनातही आलं नाही. तिने पट्टी मागितली आणि मी पट्टी दिली, वीस वर्षांची सवय.

तिने टोक जमिनीला टेकवलं, डोळा बारीक केला. “सूतभर खाली आहे.” मग सवयीनेच पट्टी फिरवली.

उजवी कडा कोरी होती. वरपासून खालपर्यंत एक रेघ नव्हती.

ती बराच वेळ बघत राहिली. गाडी अडखळत पुढे गेली, फिरून आली.

“उभ्याच्या खुणा कुठे आहेत?”

“घाईत राहिल्या.”

“तुमच्या राहिल्या?”

तिने खाली वाकून जवळच्या खांबाचा बुंधा बघितला, सिमेंटवरून बोट फिरवलं. “मला वाटलं वाऱ्यासाठी केलंय,” ती म्हणाली. “वर्षभराचं काम असतं तर तुम्ही खांब विटांवर ठेवले असते. वर उचलता येतील असे.”

मला काहीतरी करायला हवं होतं. मी कानावरची पेन्सिल काढली, तिच्या हातातली पट्टी घेतली आणि उजव्या कडेला खूण केली. “हे बघ. हे तुझं कोपर, उभ्याचं. झालं? राहिलं होतं नुसतं.”

तिने खूण बघितली. मग माझ्याकडे बघितलं, आणि ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही.

“हे आत्याचं कोपर झालं, बाबा. मी एवढी बुटकी आहे?”

मी पट्टीकडे बघितलं. ती खरं बोलत होती. वीस वर्षं माझ्या शेजारी उभं राहून जिने काम केलं, तिचं कोपर कुठे यायचं ते माझ्या हाताला आठवेना. अकरा महिन्यांत माझ्या हाताने तिला बसवून टाकलं होतं.

“कधीपासून माहीत आहे तुम्हाला?”

“पहिल्या आठवड्यापासून.”

“म्हणजे रोज सकाळी जे आपण...”

“ते करावंच लागतं,” मी घाईघाईने म्हणालो. “नाहीतर पाय आखडतात.” अकरा महिन्यांत तिला सांगितलेलं हे पहिलं खरं, आणि ते मला तेव्हा सुचलं.

तिने हात लांब करून बटण बंद केलं. हात आरामात पोचला. गाडी पुलावर थांबली. तिने खुर्ची मागे घेतली, वळवली आणि उतरणीकडे निघाली. मी धावत मागे गेलो, खुर्चीची मूठ धरायला. पण चढ मी इतका बरोबर काढला होता की तिला माझी गरज पडली नाही. दार लागलं. मग खिडकीचा पडदा लागला.

संध्याकाळी अक्का आली. माझं तोंड बघून तिने डबा खाली ठेवला. “सांगितलंस?”

“कळलं तिला.”

“काय म्हणाली?”

“फळी सूतभर खाली आहे म्हणाली.”

अक्का माझ्या शेजारी पायरीवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिने मला काही सुनावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सातला मी बारकीच्या खोलीत गेलो. वाटलं होतं, ओरडेल, हाकलून देईल, काहीतरी फेकून मारेल. मी त्यासाठी तयार होऊन गेलो होतो. ती पाठीवर पडून छताकडे बघत होती. नको म्हणाली नाही, या म्हणाली नाही. मी तिचा पाय हातात घेतला आणि मोजायला लागलो. एक. दोन. पाय वाकवायचा, सरळ करायचा. नऊ, दहा, अकरा.

“तेरा,” मी म्हणालो आणि थांबलो.

ती छताकडे बघत होती.

“तेरा,” मी जरा मोठ्याने म्हणालो.

खिडकीच्या पडद्याआड कुठेतरी पाखरं बोलत होती. मी पाय तसाच धरून उभा राहिलो. मग चौदा म्हणालो, पंधरा म्हणालो, वीसपर्यंत गेलो. पाय खाली ठेवला, त्यावर पांघरूण घातलं. दुसरा पाय हातात घेतला आणि त्याचे मात्र पूर्ण वीस मोजले.