पहाऱ्याची बंदूक

दोन उन्हाळे झाले, रूपांतराच्या सणाला, म्हणजे चर्चमध्ये पहिली फळं वाहायच्या दिवशी, वेदीपुढच्या ताटात दुकानातून आणलेली सफरचंदं ठेवावी लागत होती. पहिली फळं देवाची, आणि ती आपल्या हातांनी खुडलेली असावीत, असं मात्रोनाला लहानपणापासून ठाऊक. पण तिथलं फळ म्हणजे ब्लूबेरी, आणि त्या पिकायच्या पलीकडच्या खाडीवर, अस्वलांच्या वाटेवर. तिचा नवरा इग्नाती बंदूक घेऊन पहाऱ्याला उभा राहायचा, तेव्हा बायका निर्धास्त खुडायच्या. तो गेला आणि खाडीची वाट बंद झाली.

यंदा मात्रोना म्हणाली, पहाऱ्याला मी उभी राहते.

थोरल्या दिराने, निकिफोरने, आधी तिची परीक्षा घ्यायची ठरवली. गावात नियम एकच होता: धावून येणारं अस्वल अंगावर पोचायच्या आत दोन गोळ्या लागल्या पाहिजेत. टेकडीच्या पायथ्याशी टायरवर पुठ्ठ्याचं अस्वल उभं केलं होतं. टायरचा दोर मात्रोनाच्या शेजारून मागे नेऊन चारचाकी बाइकला बांधला होता. निकिफोरने बाइक पळवली की पुठ्ठा सुसाट तिच्याकडे यायचा.

तिने इग्नातीची बंदूक घेतली होती. गावातली सगळ्यात मोठी, अस्वलासाठीच आणलेली. तिला वाटलं, पहारा त्याचा, तर बंदूकही त्याचीच हवी. पहिला बार झाला आणि दस्ता खांद्यावर असा आदळला की डोळे आपोआप मिटले. गोळी टेकडीत गेली. पुढची गोळी भरायला बोल्ट मागे ओढेपर्यंत पुठ्ठा पायाशी.

"अस्वलाने जेवून हातसुद्धा धुतले असते," निकिफोर म्हणाला.

तिची मैत्रीण अगाफिया वाळूत बसली होती. ती म्हणाली, म्हातारीचं मांस चिवट, दातांत अडकलं असतं.

मात्रोना हसली, पण घरी येऊन खांदा उघडला तर काळानिळा. सण पाच दिवसांवर. संध्याकाळची प्रार्थना करताना तिच्या लक्षात आलं, की पुढच्या धक्क्याच्या भीतीने आपण आत्ताच डोळे मिटतोय. मिटल्या डोळ्यांनी कसला पहारा? इग्नातीची बंदूक इग्नातीच्या खांद्याला बेतलेली होती.

दाराजवळच्या खुंटीवर तिची स्वतःची जुनी रायफल होती. तीस वर्षं तिने याच रायफलने हरणं मारली होती. ती तिने खाली काढली. जवळून धावून येणाऱ्या जनावरावर दुर्बिणीचा उपयोग नाही, म्हणून स्क्रू सोडवून दुर्बीण उतरवली. दुकानातून त्या रायफलची सगळ्यात जड गोळी आणली, आणि दोन दिवस सणाआधीच्या उपासातच वाळूत उभी राहून बोल्ट मागेपुढे करत राहिली. नजर न हलवता, हात आपोआप चालेपर्यंत.

तिसऱ्या दिवशी निकिफोरने रायफल पाहून तोंड वाकडं केलं. "ही हरणाची गं."

"भावोजी, मोठी बंदूक चुकली तर नुसता आवाज. ही माझ्याकडून चुकत नाही. ओढा टायर."

बाइक सुटली. पुठ्ठा उड्या मारत निघाला. मात्रोनाने डोळे उघडे ठेवले. एक बार, बोल्ट, दुसरा बार, बोल्ट, तिसरा. पुठ्ठा पाच पावलांवर आला तेव्हा तिची रायफल चौथ्यासाठी तयार होती.

निकिफोर उतरून पुठ्ठ्यापाशी गेला. तिन्ही भोकं त्याच्या एका तळव्याखाली झाकली गेली. "इग्नातीच्या दोनच लागायच्या," तो हळूच म्हणाला. "उद्या भरतीच्या आधी होडीने निघा."

दुसऱ्या दिवशी सात बायका खाडीवर खाली वाकून खुडत होत्या. मात्रोना त्यांच्याकडे पाठ करून झुडपांवर नजर ठेवून उभी होती. दुपारी एक तपकिरी डोकं वर आलं. तिने रायफल खांद्याला लावली आणि जुन्या लोकांसारखं त्याच्याशी आदराने बोलली: आम्ही देवापुरतं घेतोय, बाकी तुझंच आहे. अस्वलाने हवा हुंगली, आणि ते सावकाश ओढ्याकडे निघून गेलं.

पहारेकऱ्याने एकही फळ खुडायचं नसतं. होडीत बसताना प्रत्येकीने आपापल्यातली ओंजळ मात्रोनाच्या बादलीत टाकली. अगाफियाने दोन टाकल्या. सणाच्या सकाळी वेदीपुढच्या ताटात सफरचंदाला जागाच उरली नव्हती.