पंखांवरची दुपटी

मित्रांनो, मी एक जुनं विमान आहे. पण उडण्याबिडण्याच्या गोष्टी माझ्याकडे मागू नका. मी आयुष्यात वीतभरसुद्धा उडालो नाही. मी लाकडाचा आहे. माझ्या पोटात इंजिन नाही, भुसा आहे. तसा तो मोठ्या साहेबांच्या डोक्यातही होता, पण त्यांना पगार मिळायचा.

शेजारच्या देशाशी लढाई जुंपली. सरहद्दीवर रणगाडे एकमेकांना भिडले, आकाशात विमानं. खरी विमानं महाग, ती वाचली पाहिजेत. म्हणून साहेबांनी शक्कल लढवली: ओसाड माळावर खोटा विमानतळ उभारायचा, म्हणजे शत्रू आपले बॉम्ब तिथे टाकून मोकळा होईल.

एका सुताराने मला अकरा दिवसांत घडवलं. खऱ्या विमानावर असतात तसे खिळे दिसावेत म्हणून त्याने माझ्या अंगभर रंगाचा एकेक ठिपका दिला. मला हात लावताना तो आधी हात पुसायचा.

साहेब पाहणीला आले. "झकास!" ते म्हणाले. "पण वरून सगळं मेल्यासारखं दिसतंय. इथे माणसं राहतात असं वाटलं पाहिजे."

झालं! कामगारांना बायकामुलांसकट माझ्या शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणून ठेवलं. साहेब स्वतः बारा मैलांवर, जमिनीखालच्या खोलीत राहायचे. त्यांचं शौर्य तिथे काँक्रीटच्या तीन थरांखाली अगदी सुखरूप होतं.

सुताराच्या बायकोच्या कडेवर चार महिन्यांची मुलगी होती. बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे.

"अहो, बॉम्ब या विमानावर पडावा, असंच ना?"

"हो."

"आणि आपण कुठे झोपतो?"

सुताराने शेडकडे पाहिलं. अंतर वीस पावलांचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लेकीची अकरा दुपटी धुतली आणि माझ्या दोन्ही पंखांवर वाळत घातली. नाकाडावर झबलं अडकवलं.

"अगं, पंखांवर? किती निगुतीने काम केलंय मी!"

"निगुतीने केलंयत, तेच तर नडलंय," ती म्हणाली. "आता चिमटे द्या."

सुताराने चिमटे आणून दिले.

दुपारी शत्रूची तीन विमानं आली. सुताराने बायको-लेकीला शेडजवळच्या एका खड्ड्यात लोटलं आणि वर स्वतः पालथा पडला. माझ्या फळ्या थडथडल्या. विमानांनी एक घिरटी घातली. दुसऱ्या घिरटीला ती इतकी खाली उतरली की एक दुपटं उडून चिखलात पडलं. मग त्यांतल्या एकाने पंख हलवले, जणू हसू आवरत नव्हतं, आणि तिन्ही विमानं आली तशी निघून गेली.

साहेब बारा मैलांवरून गाडी दामटत आले, लालबुंद. "बॉम्ब टाकला नाही? एकही नाही? हा सरळसरळ आपला अपमान आहे! हे कपडे कोणाचे?"

"माझ्या लेकीचे," सुताराची बायको म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना साहेब, इथे माणसं राहतात असं वरून दिसलं पाहिजे? दिसलं."

शेडमागे कोणीतरी फिसकन हसलं. त्याच संध्याकाळी सगळ्या कुटुंबांना घरी धाडण्यात आलं. उपयोगच उरला नव्हता त्यांचा.

लढाई संपली. सरहद्द होती तिथेच राहिली. साहेबांना पदक मिळालं, 'शत्रूची विमानं पिटाळून लावल्याबद्दल'. मी संग्रहालयात आलो. माझ्यासमोरच्या फलकावर साहेबांचा फोटो आहे, दुपट्यांचा उल्लेख नाही.

मागच्या आठवड्यात एक बाई बाळाला घेऊन आली. माझ्या अंगावरचे ठिपके तिने बोटाने एकेक करून पाहिले. "हेच ते, आई सांगायची," ती बाळाला म्हणाली. मग तिने बाळाचं ओलं लाळेरं सोडून माझ्या पंखावर पसरलं.

"ओ ताई, ही देशाची ठेव आहे!" रखवालदार ओरडला.

"वाळलं की काढते," ती म्हणाली.

मित्रांनो, कोणी तुम्हाला माझ्याशेजारी राहायला सांगितलं, तर तो स्वतः कुठे राहतो ते आधी विचारा. आणि माझी निगा राखायची असेल, तर संग्रहालयवाले दरवर्षी फासतात तो रंग नको. काही ओलं असेल तर आणा. पंख अजून पक्के आहेत.