वीणेची पाळी

मांडवगणात सप्ताह बसला होता. उभ्यानं नाम घ्यायचा दुपारचा पहारा दशरथचा. त्याच्या गळ्यातली वीणा पुढं रंगनाथनं घ्यायची होती. दोघंही रांजणगावला एकाच कंपनीत, एकाच लाइनवर. पण सुपरवायझर झाला दशरथ. तेव्हापासून त्याचं नुसतं नाव निघालं तरी रंगनाथचा जळफळाट व्हायचा.

कंपनीच्या बसमध्ये रंगनाथ मोबाइलवर एका गुरूची भाषणं ऐकायचा. "लोकांना वाट बघायला लावा. थांबतो तो लहान, ज्याच्यासाठी थांबतात तो मोठा."

म्हणून आज रंगनाथ मुद्दाम घरीच बसला. सप्ताहात वीणा खाली टेकवता येत नाही. राहू दे लेकाला उभा!

उन्हं कलल्यावर तो मंडपात शिरला. घामानं निथळलेला दशरथ डोळे मिटून नाम घेत होता आणि आयाबाया एकेक करून त्याच्या पाया पडत होत्या.

"काय गोड गळा हाय!" एक म्हातारी म्हणाली. "आन् रंगनाथ, तुझ्या वाटची बी सेवा त्यानंच केली बघ."

रीतीप्रमाणं रंगनाथच्या गळ्यात वीणा देऊन दशरथ हसत त्याच्या पायांवर वाकला. रंगनाथलाही वाकावं लागलं.

पुढचा पहारेकरी वेळेवर आला. "द्या रंगनाथआप्पा, माझी पाळी."

"थांब रं, मी हाय अजून."

दशरथपेक्षा जास्त उभं राहिल्याशिवाय आता तो वीणा सोडणार नव्हता. 'विठ्ठल विठ्ठल' म्हणता म्हणता त्यानं एक डोळा किलकिला केला. आयाबाया दशरथला घेरून चहा पाजत होत्या. रंगनाथनं आवाज चढवला.