पिराजीची चढाई

पिराजीनं मध्यरेषा ओलांडली तसे समोरचे सातही गडी मागं सरकत पार शेवटच्या रेषेला जाऊन टेकले. उजव्या कोपऱ्यात एक दांडगा गडी होता. एरवी त्यानं आलेल्याचा घोटा असा धरला असता की माणूस तोंडावर आपटावा. पण पिराजी हाताच्या अंतरावरून गेला तरी त्या गड्यानं आपले हात पाठीमागंच ठेवले. पिराजीनं दम न सोडता एकाच्या गुडघ्याला बोट लावलं, दुसऱ्याच्या पोटरीला पाय लावला आणि चालत म्हणावं इतक्या सावकाश परत आला.

"वारं हाय गडी, वारं!" बांधावर बसलेल्यांतून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या.

व्यंकटनंही टाळ्या वाजवल्या. संघाचा कप्तान तो, त्याला वाजवाव्याच लागायच्या. पण टाळ्या वाजवताना तो पिराजीकडं बघत नसे, आपल्या पायांकडं बघे.

कारण त्याला ठाऊक होतं. त्या गावच्या पोरांना पिराजीचा वेग अडवत नव्हता. पिराजी भीमनगरातला होता. बोट लागलं तर एक गडी बाद होत होता आणि घरी जाऊन अंगावर तांब्याभर पाणी घेतलं की भागत होतं, त्या दुष्काळात तांब्याभर पाणी मिळालंच तर. पण कंबरेला मिठी मारून सगळ्यांदेखत मातीत लोळायचं म्हणजे गावात तोंड दाखवायची पंचाईत. तेव्हा सगळे शहाणे मागं सरत आणि व्यंकटचा संघ जिंकत जाई.

त्यांचं नवजवान क्रीडा मंडळ सुरू झालं तेव्हा असलं काही कुणाच्या मनात नव्हतं. नानासाहेब मास्तर निवृत्त होऊन गावी आले आणि रिकामी पोरं पारावर बसलेली त्यांना बघवेनात. मारुतीच्या पटांगणात त्यांनी चुन्याच्या रेषा आखल्या. सात गडी भरेनात म्हणून भीमनगरातून तिघांना आणलं. दुसऱ्याच दिवशी गावानं त्यांना पटांगण बंद केलं. मास्तरांनी वाद घातला नाही, सगळा संघ उचलून तेरणा नदीच्या कोरड्या पात्रात नेला. एकाच पातेल्यात सगळ्यांचे बनियन लाल रंगात बुडवले. पहिल्या सामन्यात घामानं तो रंग असा उतरला की बघणाऱ्यांना वाटलं, पोरं रक्तबंबाळ झाली. पुढं तुळजापूरला नवरात्रातले सामने झाले, तेरखेड्याला जिंकल्यावर तिथल्या लोकांनी फटाक्यांची माळ लावली, मंडळाचं नाव झालं. मास्तर वारले. भीमनगरातले दोघं पोटासाठी पुण्याला गेले. पिराजी उरला आणि कप्तानपद व्यंकटकडं आलं.

कप्तान झाल्यावर पहिल्याच सामन्यात व्यंकटच्या ध्यानात आलं की पिराजी आत गेला की समोरची फळी फाटते. तेव्हापासून जुन्या वळणाच्या गावाशी सामना असला की पहिली चढाई पिराजीची. शहराचा संघ समोर आला की पिराजी बाहेर. आणि सरावाला व्यंकट सगळ्यांना बजावी, "पिराजीला जपा रे. दुखापत नको. सामन्याला लागतो तो." पोरं आनंदानं जपायची. हे शहाणपण आहे, डाव आहे, असं व्यंकट स्वतःला सांगायचा आणि ते त्याला पटायचंही.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यातला तो सामना संपला तेव्हा टेरिलिनचा शर्ट घातलेला एक माणूस बांधावरून उतरून आला. त्याचं नाव माणिकप्पा. एका सहकारी साखर कारखान्यात तो कामगारांचा हिशेब कमी आणि अध्यक्षांची हौस जास्त सांभाळायचा. यंदा अध्यक्षांना कबड्डीचा संघ उभा करायची हौस आली होती.

"एक गडी घ्यायचाय," माणिकप्पा म्हणाला. "कायमची नोकरी. हा तुमचा पोरगा पळतो बरा. धरल्यावर काय करतो, ते बघू. गुरुवारी घेऊन या त्याला. तुम्हीही उतरा मैदानात, आमच्याकडं सरावाला एक गडी कमी पडतोय."

संघातल्या पोरांनी पिराजीभोवती एकच गिल्ला केला. श्रीमंतनं तर टोपी उडवली. खांद्यावर मात्र कुणी उचललं नाही. त्या दिवशी व्यंकटला तेही दिसलं.

दुसऱ्या दिवशी सगळे पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर होते. गावातलं धडधाकट माणूस तेव्हा तिथंच असे. कुणी माती उकरत होतं, कुणी खडी फोडत होतं. व्यंकटची बायको चांगुणा पाट्या वाहत होती, दिवस गेलेले असूनही. दुपारी खायला सरकारी सुकडी वाटायला सुरुवात झाली तेव्हा व्यंकट पिराजीला शोधत खडीच्या ढिगाकडं गेला. पिराजीची आई, भिमाबाई, हातोडा बाजूला ठेवून डोळ्यांतली कच पदरानं काढत होती. डोळे लालबुंद झाले होते.

"व्यंकटराव, पोराचं कल्याण केलं तुमी," ती म्हणाली. "नोकरी लागली की ही खडी सुटंल बगा माजी. तुमी व्हता म्हनून त्यो चार गावांत खेळला."

"न्हाय वो, काकी," एवढंच व्यंकट म्हणाला आणि पिराजीला घेऊन बांधाच्या पलीकडं गेला.

"पिराजी, गुरुवारी ते लोक धरतील रं."

"धरतीलच की. कबड्डी हाय."

"तसं न्हाय. म्हंजी... आपल्याकडं कसंय..."

"ठावं हाय मला," पिराजी म्हणाला.

व्यंकटनं वर बघितलं. पिराजी तळहातावरची सुकडी बोटानं सारखी करत होता.

"कवापास्नं?"

"शहराच्या संघाबरूबर मला भाईर बसवलं तवापास्नं. तवर मलाबी वाटत व्हतं, म्या लई चपळ हाय." तो हसला. व्यंकटला हसता आलं नाही. "तुमी म्हनायचे, पिराजीला जपा. चार वर्सं जपलं सगळ्यांनी. कुनी धरलंच न्हाय तर निसटायचं कुटं शिकायचं म्या?"

आजवर अपराध म्हणजे समोरच्या गावांचा, असं व्यंकट मानत आला होता. आपण फक्त त्याचा फायदा घेतला. पण पिराजीचं चार वर्षांचं शिकणं त्यानंच अडवलं होतं, आणि वर जपतोय म्हणून मिरवलं होतं. तो मान खाली घालून उभा राहिला. माफ कर म्हणण्याऐवजी त्यानं विचारलं,

"आता काय करायचं?"

"करायचं काय त्यात? संध्याकाळी पात्रात या आन धरा मला."

संध्याकाळी तेरणेच्या वाळूत सगळे जमले. व्यंकटनं सांगितलं, आज पिराजीला पकडायचं, खरोखरीचं. पोरं एकमेकांकडं बघू लागली. श्रीमंतनं कमरेवर हात ठेवला.

"माजी पाठ धरलीया आज," तो म्हणाला. काल टोपी उडवणारा हाच. आणखी एकाला घरी गुरं आठवली. गुरं छावणीत होती. हां हां म्हणता वाळूत दोघंच उरले.

"या," व्यंकट म्हणाला. पिराजीला त्यानं आजवर कधी "या" म्हटलं नव्हतं. दोघं एकाच वर्षी जन्मलेले, पण तो अरेतुरे करी आणि पिराजी अहोजाहो. आज तोंडातून निघून गेलं खरं, पण दोघांनाही ते अवघड वाटलं आणि पुढच्या वाक्याला व्यंकट पुन्हा जुन्यावर आला.

पिराजी दम धरून आत आला. व्यंकट वाकला, हात पुढं केले आणि ते पिराजीच्या घोट्याच्या वीतभर अलीकडंच थांबले. त्यानं थांबवले नव्हते. आपसूक थांबले. पिराजी निवांत परत गेला आणि रेषेवर उभा राहून त्याच्याकडं बघत राहिला.

व्यंकटला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. म्हणजे डाव वगैरे काही नव्हतंच. त्याचेही हात त्या दांडग्या गड्याच्या हातांसारखेच होते.

"पुन्यांदा ये," तो कसाबसा म्हणाला.

या वेळी त्यानं डोळे मिटले आणि झेप घेतली. घोटा हातात आला. पिराजी धाडकन पडला आणि पडल्या पडल्या त्याचा दम तुटला. धडपडही केली नाही त्यानं. अंगाला माहीतच नव्हतं, धरल्यावर काय करायचं. व्यंकटच्या नाकात त्याच्या अंगाचा वास गेला. घाम आणि दगडाची भुकटी. व्यंकटच्या अंगालाही तोच येत होता.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी वाळूत उतरत. पिराजी झपाट्यानं शिकला. घोटा धरला की त्याच बाजूला अंग टाकायचं, दुसरा पाय छातीवर रोवायचा आणि पीळ देऊन रेषेकडं झेपावायचं. पण तो जसा निसटायला शिकला, तसा व्यंकट त्याला धरायला शिकत गेला. पीळ कुठून सुरू होतो, ते व्यंकटला हातातच कळू लागलं.

गुरुवारी एस.टी.त बसल्यावर पिराजी म्हणाला, "तितं तुमी समोर असला तर मला सोडायचं न्हाय."

"अरं पण..."

"सोडलं तर त्या लोकांना न्हाय कळायचं. मला कळंल."

"न्हाय सोडत," व्यंकट म्हणाला. शब्द दिल्यावर त्याला हलकं वाटलं. बऱ्याच दिवसांनी आपण काहीतरी नीट करतोय, असं वाटलं.

ऊस नसल्यामुळं कारखान्याचा गाळप हंगाम कधीच आटोपला होता. चिमणी थंड होती. मैदानावर मात्र पाणी मारून माती लोण्यासारखी केली होती. दोघांनीही वाकून त्या ओल्या मातीला हात लावून बघितला. माणिकप्पानं व्यंकटला समोरच्या संघात उजव्या कोपऱ्यात उभं केलं.

पहिल्या चढाईला कारखान्याच्या दोघांनी पिराजीला कंबरेत घेतलं. धरताना त्यांनी पुढंमागं काही बघितलं नाही. पिराजी त्यांच्यासकट रेषेपर्यंत घसटत गेला, पण रेषेच्या अलीकडं दम तुटला. दुसऱ्या वेळी एकानं पाय धरला. पिराजीनं अंग टाकलं, पीळ दिला आणि हात रेषेपार नेला. माणिकप्पानं मान हलवली. "आहे. माल आहे," तो शेजारच्याला म्हणाला. "अजून एक चढाई बघू."

तिसऱ्या चढाईला पिराजी उजव्या कोपऱ्यावर आला.

व्यंकटला खडीच्या ढिगावरची भिमाबाई दिसली. हात अर्ध्या वितीनं चुकवला असता तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं. मग एस.टी.तलं बोलणं आठवलं. आणि त्याच्याही आत, अगदी तळाशी, पाट्या वाहणारी चांगुणा दिसली, आणि कायमची नोकरी हे शब्द ऐकू आले. तोवर हातांनी घोटा धरला होता.

पिराजीनं अंग टाकलं. पीळ कुठून सुरू होणार, ते व्यंकटला ठाऊक होतं. साऱ्या मैदानात त्या एकट्यालाच ठाऊक होतं. पीळ सुरू व्हायच्या आधीच त्यानं गुडघा वाळूतल्यासारखा मातीत रोवला आणि घोटा छातीशी ओढला. पिराजीचा हात रेषेपासून चार बोटं अलीकडं मातीत रुतला. "कबड्डी, कबड्डी" बारीक होत गेलं आणि थांबलं.

दिलेल्या शब्दासाठी धरलं की नोकरीसाठी, हे व्यंकटला त्या वेळी सांगता आलं नसतं. पुढंही कधी आलं नाही.

माणिकप्पा मैदानात आला. पिराजीला ओलांडून तो व्यंकटसमोर उभा राहिला.

"असली पकड आमच्या एकाकडं नाही. चढाईला गडी मिळतात हो, कोपरा सांभाळणारा मिळत नाही. नाव काय तुमचं?"

याला घ्या, मला नको, असं म्हणायला व्यंकटनं तोंड उघडलं. हा चार वर्षांचा खेळाडू नाही, चार दिवसांचा आहे, आणि ती चूक माझी आहे, तेव्हा याला घ्या. सगळं मनात नीट जुळून आलं होतं.

"व्यंकट," तो म्हणाला. आणि कुणी विचारायच्या आत वडिलांचं नाव, आडनाव, गाव, सगळं सांगून मोकळा झाला.

फाटकाबाहेर पिराजी कडुलिंबाखाली बसला होता. गुडघ्याची ओली माती अजून वाळली नव्हती. व्यंकट जवळ गेला आणि उभाच राहिला.

"झालं तुमचं?" पिराजीनं विचारलं.

"व्हय. सोमवारपास्नं." व्यंकट आपल्या पायांकडं बघत होता. "पिराजी, म्या त्यांना म्हननार व्हतो..."

"असू द्या." पिराजी उठला, हात झटकले. मग म्हणाला, "म्या कुटंतरी लागंनच. अजून धा संघ हायत. पन सराव पायजे."

"हां. सराव तर पायजेच."

"तुमी जानार सोमवारी," पिराजी म्हणाला. "तवर श्रीमंतला तेवढं धरायला शिकवून जावा."

लांबून धुरळा उडवत एस.टी. येताना दिसली. व्यंकट हो म्हणाला, पण इतकं हळू की पिराजीला ते ऐकू गेलं नसावं. कारण बस थांबली, दार उघडलं, तरी पिराजी उत्तराची वाट बघत त्याच्या तोंडाकडं बघतच उभा होता.