धाकलूचं मत

खोपोलीच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून धाकलूला मालिकांचं वेड लागलं होतं. शेतावरून आला की हातपाय धुवून टीव्हीसमोर मांडी ठोकायची, आणि एपिसोड संपला की भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आपलं मत बोलून पाठवायचं. नट्या दागिने घालून झोपतात कशा? एवढ्या मोठ्या घरात भांडी घासताना कुणी दिसत का नाही? सावळ्या पोरीच्या कामाला गोरी नटी आणून तिला काळं फासायचं कशाला, सावळ्या पोरींचा काय दुष्काळ पडलाय?

"अवो, टीव्हीवाल्यांनी तुमाला पगार लावलाय का?" बायको अंबाबाई म्हणायची. पण नेरळला दिलेली लेक हर्षला प्रत्येक मताला हसरे चेहरे पाठवायची. अलीकडं ते येईनासे झाले होते. धाकलूच्या ध्यानात आलं नव्हतं.

एका संध्याकाळी मालिकेत नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या पोरीला बापानं दारातूनच परत पाठवलं. धाकलूचं टाळकं सटकलं. फोन तोंडाशी धरून तो कडाडला, "हा बाप हाय का कसाई? लोकांच्या तोंडाला भिऊन पोरीला मारक्या घरात ढकलतो? माजी पोर असती तर म्हणलो असतो, ये गं बाय, घर तुजंच हाय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी हर्षला दारात उभी राहिली. हातात एकच पिशवी.

"बाबा, काल बोललात ते खरं, का मालिकेपुरतं?"

ओढणी सरकली तसा दंडावरचा काळानिळा वळ धाकलूला दिसला. पण खरं सांगायचं तर त्याच्या मनात आधी पोर आली नाही, गाव आलं. भावकी काय म्हणेल? पुतणीचं जमत आलेलं लग्न मोडलं तर?

"कवापासून?" त्यानं कसंबसं विचारलं.

"लग्नापासून. सांगायचा धीर नाय झाला. काल तुमचा आवाज परत परत ऐकला, मंग आले."

अंबाबाईनं तोंडाला पदर लावला. धाकलू लाजेनं अर्धा झाला. पुढं होऊन त्यानं लेकीच्या हातातली पिशवी घेतली.

"खरंच बोललो गं बाय. मंगाशी घाबरलो, तेवढं पोटात घाल."

कुंपणापलीकडं शेजारची सोनुबाई मान उंच करून बघत होती. "लेक राहायला आली का रं धाकलू?"

"हां," तो मोठ्यानं म्हणाला. "राहायलाच आली. कायमची."

हर्षलाचं शिलाई मशीन सासरीच राहिलं होतं. पुतण्या राजेशच्या टेंपोतून धाकलू, हर्षला आणि राजेश असे तिघं नेरळला गेले. वाटभर धाकलू मनाशी भाषण जुळवत होता: असं बोलेन, तसं सुनावेन. दारात पोचल्यावर व्याही म्हणाले, "पोरीला समजवा जरा. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच."

जुळवलेलं सगळं धाकलू विसरला.

"माजी पोर भांडं नाय," तो एवढंच म्हणाला. "मशीन न्यायला आलोय."

जावई आतल्या खोलीतून बाहेर आलाच नाही. राजेश आणि धाकलूनं मशीन उचलून टेंपोत चढवलं. हर्षलानं कात्री आणि दोऱ्यांचा डबा घेतला आणि मागं न बघता पुढच्या सीटवर दोघांच्या मधे येऊन बसली.

कर्जत मागं पडलं तोवर अंधारून आलं होतं. हर्षलाची मान कलंडून बापाच्या खांद्यावर आली.

"काका, आज तुमची मालिका चुकली," राजेश हसून म्हणाला.

"हळू बोल रं," धाकलू कुजबुजला. "आन गाडीबी हळू हाक. डोळा लागलाय तिचा."