अकराव्या फेरीची ज्योत

"पांढरी! पांढरी झाली!" असा ओरडा झाला आणि सगळा हॉल उभा राहिला.

नेरुळला सारसोळ्याच्या बाजूला एक लग्नाचा हॉल आहे. दर गुरुवारी तिथे ज्योतबाबा बसायचा. पुढ्यात पाट, पाटावर लाल कापड, शेजारी काचेची ज्योत. भक्ताच्या गळ्यात बाबानं दिलेली चंदनाची चकती. ती पाटावर ठेवायची. आजार अंगात असेल तर ज्योत तांबडी, उतरू लागला की पिवळी, गेला की पांढरी. त्या दिवशी पांढरी झाली ती एका दमेकरी म्हाताऱ्याची. त्यानं दम्याचा पंप खिडकीतून बाहेर फेकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्यावर तो खोकत खाली बसला, ते कुणी बघितलं नाही.

माईकवर सुचिताताई नावाची सेविका होती. "मंगळसूत्र, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. धातू म्हणजे माया. देवी धातूला शिवत नाही. मोबाईल बाहेर काउंटरवर. आणि एकेक या हो ताई! दोन चकत्या एकदम ठेवल्या की देवी कन्फ्यूज होते."

मी लाईनीत होतो. माझ्यापुढे सासूबाई राजाबाई, मेव्हणा जोतीराम आणि त्याची मुलगी उत्कर्षा. साताऱ्याकडची माणसं. जोतीराम कळंबोलीहून ट्रक चालवतो. उत्कर्षाच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. रोज सुई घ्यावी लागते. आज तिची अकरावी फेरी होती.

"आज पांढरी झाली की सुई बंद," सासूबाई म्हणाल्या. "पोरीच्या प्वाटाची चाळन झालीय नुसती."

"जोतीराम, सुई बंद केली तर काय होईल ते डॉक्टरांनी सांगितलंय ना?" मी विचारलं.

"आई म्हणतीय तर बघूया की, दाजी."

"बघूया म्हणजे काय? टीव्ही आहे का तो?"

सासूबाई वळल्या. "जावईबापू, इश्वास न्हाय तर आलायसा कशाला?"

"जयमालाची चकती पाटावर ठेवायचीय."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मला पुढे जाऊ दिलं.

जयमाला माझी बायको. तिच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलंय, सगळे डोस घ्या, बऱ्या व्हाल. निम्मे डोस झाले आणि इथे तिची ज्योत पांढरी झाली. मला सांगायची, दवाखान्यात जाऊन आले. येत होती इथून. गणपतीच्या आधी ती वारली. दवाखान्यानं तिच्या वस्तू पिशवीत घालून दिल्या, त्यात ही चकती होती. मी ती शर्टाच्या खिशात ठेवू लागलो.

मी रबाळ्याच्या एका लहान कारखान्यात आहे. कार्ड टेकवलं की सोसायटीचं गेट उघडतं, त्या यंत्रातल्या रीडर चिपचा प्रोग्रॅम मी लिहितो. चिपला शिकवायचं असतं: लहरी सोड, जवळ कुणी आलंय का बघ, आलं असेल तर त्याचा नंबर वाच, मग ठरव. एके दिवशी टेबलावर वाकून नवीन रीडर तपासत होतो. हातात कार्ड नव्हतं, तरी तो वाजला. मला वाटलं प्रोग्रॅम चुकला. मागे सरलो, गप्प. पुढे वाकलो, वाजला. खिशात चकतीशिवाय काही नव्हतं; चंदनाच्या आत चिप होती.

चकती रीडरवर ठेवून आतलं सगळं वाचलं. एक नंबर, आणि एका खान्यात आकडा. अकरा. बाकी सगळं रिकामं. कुलूपसुद्धा, म्हणजे आकडा बदलायचा पासवर्ड, चिपच्या कारखान्यातून येतं तेच होतं, बदलायची तसदी कुणी घेतली नव्हती.

मग जयमाला घरी सांगायची ते नियम आठवले. धातू नको, कारण धातू जवळ आला की रीडरच्या लहरी मरतात. एकेक या, कारण दोन चकत्या एकदम बोलल्या की साध्या प्रोग्रॅमला एकही ऐकू येत नाही; त्यांना आळीपाळीनं बोलायला लावणारा भाग बाबाच्या माणसानं लिहिलाच नव्हता. मोबाईल बाहेर, कारण आजकालचा मोबाईलही असली चकती वाचतो. देवीचं सगळं सोवळं माझ्या टेबलावरच्या चिपच्या माहितीपुस्तकात छापलेलं होतं.

पाटासमोर मी पेढ्यांचा खोका घेऊन बसलो. बाबा हसला. "बोल बेटा. किसका आहे हा आजार?"

"बायकोचा. तिला येता येत नाही."

चकती ठेवली. ज्योत पांढरी झाली. बाबानं दोन्ही हात वर केले. "पांढरी! ही माता निरोगी! हिच्या बॉडीची फ्रिक्वेन्सी देवीशी जुळली. निगेटिव्हिटी झीरो! आता घरात पळत काम करत असेल, खरं की नाही?"

"मेली ती," मी म्हणालो. "गणपतीच्या आधी."

बाबा फक्त एकदा अडखळला. "बेटा, देह हाच मोठा रोग. तो सुटला. मुक्ती! याहून पांढरं काय असतं?"

मागून कुणीतरी जय म्हणालं. मग सगळे म्हणाले. सासूबाईंनी हात जोडले. "माजी पोर सुटली," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळा दिसला.

मी खोका उघडला. आत माझा रीडर आणि बॅटरी होती. चकती त्यावर ठेवून बटण दाबलं, आकडा शून्य केला आणि चकती परत पाटावर ठेवली. ज्योत तांबडी झाली.

"बाबा, मुक्ती परत घेतली का देवीनं?"

मी आकडा दहा केला. पाटानं त्यात एक मिळवला. पांढरी. "सुटली." शून्य. तांबडी. "पुन्हा आजारी पडली." दहा. पांढरी. "पुन्हा मेली."

"पुरं करा, जावईबापू," सासूबाई रडत म्हणाल्या. मी पुरं केलं नाही. लोकांना दिसेपर्यंत करत राहिलो.

"माईक बंद करा! याला बाहेर काढा!" बाबा ओरडला. मी पाट उलटा केला. खाली माझ्या कारखान्यात असते तसलीच सर्किटची हिरवी पाटी, तारेचं वेटोळं, आणि ज्योतीकडे गेलेली वायर.

"हे यंत्र आजार बघत नाही," मी म्हणालो. "तुम्ही किती वेळा आलात ते मोजतं. दर फेरीला एक वाढवतं, अकरावर थांबतं. अकराव्या फेरीला पांढरा दिवा. कॅन्सर असो, दमा असो, मढं असो."

एक बाई पुढे आली. "भाऊ, माझ्या चकतीत किती?"

मी ती माझ्या रीडरवर टेकवली. "नऊ."

"अरे देवा, दोनच राहिल्या होत्या," ती म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तिच्या दोन फेऱ्या चोरल्या. बरेच लोक तसंच बघत होते. ज्योतबाबा मागच्या दारानं गेला. त्याच्या मागे पाया पडायलाही काही जण धावले.

आत्याचा नवरा म्हणून उत्कर्षा मला मामा म्हणते. तिनं माझा शर्ट ओढला. "मामा, मग मी बरी नाही झाले?"

"नाही. सुई घेतेस म्हणून जिवंत आहेस. सोडलीस तर मरशील."

जोतीरामनं तिला उचलून घेतलं. "आसं बोलतंय का कुनी लेकराला?"

"तुझ्या बहिणीशी असं कुणी बोललं नाही," मी म्हणालो.

रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "जयमालीची पांढरी झाली त्या दिवशी..."

"अकरावी फेरी होती, आई."

"तिला यायचं न्हवतं. अंगात ताप हुता. मीच वडत आनली."

दुसरा कुणी असता तर तुमची चूक नाही म्हणाला असता. घरी पोचल्यावर त्यांनी उत्कर्षाला विचारलं, सुई कुठं टोचायची ते मला दाव. तिनं दाखवलं. आता सुई त्याच देतात.

तक्रार दिली आहे. बाबा कुठल्या तरी दुसऱ्या हॉलमध्ये बसला असेल. तुमच्या घरी अशी चकती, माळ, ताईत असेल तर मोबाईलच्या पाठीला लावून बघा. मोबाईल वाजला तर आत चिप आहे. नाही वाजला, तरी एवढं विचारा: या वस्तूला माझं रक्त कधी दिसलं? ज्यानं तपासलं नाही त्याला सांगता येत नाही. देव माना, नका मानू, तो तुमचा प्रश्न. औषध मात्र दिव्याच्या रंगावर थांबवू नका.

जयमालाची चकती माझ्याकडे आहे. आकडा अकराच आहे. चकतीच्या हिशेबानं माझी बायको आजही ठणठणीत आहे.