लख्ख घासलेली वाळू

"वाळू कितीही घाण दिसली तरी हात लावू नकोस," असं सासऱ्यांनी तिला चार वेळा बजावलं होतं. चारही वेळा "हो बाबा" म्हणून तिने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं.

सासऱ्यांचा जन्म नळदुरुस्तीत गेलेला. इमारतीतले जुने नळ शिशाचे, म्हणून नात चालू लागताच त्यांनी ओट्यावर बरणी मांडली: वरून नळाचं पाणी, मध्ये गंज चढवलेली तांबडी वाळू, खाली तोटी. तिला ती बघवेना. लेकीचा चमचासुद्धा ती दोनदा उकळायची, आणि पाणी म्हणे गंजातून! सासरे बाहेर पडताच तिने सहा लिंबं पिळून वाळू घासली. वाळू कशी चमकायला लागली! फोटो नणंदेला पाठवला: 'शिका जरा, वन्सं!' मग बरणी भरली आणि लेकीच्या हाती पेला दिला.

सासरे आले आणि मटकन बसले. "सूनबाई, माझा गंज कुठाय?"

"गेला! केवढी घाण होती, बाबा."

"अगं, तीच कामाची! पाण्यातलं शिसं त्या गंजाला गोचिडीसारखं चिकटतं. लिंबाने ते सुटतं, गंजही जातो. तू पहारेकऱ्यालाच आंघोळ घालून हाकललंस!"

कॉलेजात याच धड्यावर तिला पैकीच्या पैकी मार्क होते. तेही लिंबाबरोबर पिळून निघाले असावेत. तिने वळून पाहिलं. पेला रिकामा! लेक खुदुखुदु हसत होती.

"डॉक्टर!" ती किंचाळली. सासऱ्यांनी दारातल्या गमबुटात पाय खुपसला. चुबुक!

नातीला बूट दिसला की त्यात पाणी ओतायची खोड. त्यापायी ती रोज बोलणी खायची. सासऱ्यांनी बुटातलं पाणी पेल्यात उलटं ओतलं. पेला काठोकाठ भरला.

"वाघीण माझी!" ओल्या मोज्यानिशी ते नाचले. "ओत बाई, दुसराही भर!"

रक्त तपासायला ती लेकीला नेणारच आहे, पण तिचा जीव टांगलाय भलतीकडेच. नणंदेकडेही सासऱ्यांनी दिलेली तशीच बरणी, तसेच नळ, आणि भाचा एवढा शहाणा की पेल्यातला थेंबही सांडत नाही. फोटोवर नणंदेचं उत्तर आलंय, 'लगेच लिंबं आणते!' आणि आता फोन उचलत नाहीये.

तेव्हा तुमच्या शेजारी कुणी बाई आत्ता लिंबं घेऊन जिना चढताना दिसली, तर कृपा करून तिची बेल वाजवा. बरणीतली वाळू अजून तांबडी आहे ना, तेवढं बघा.